वापरून वाढलेला साबण

मी एक जुना वजनकाटा आहे. पाच किलोपर्यंतचं काहीही माझ्या पाठीवर ठेवा, मी आकडा सांगतो. एका ग्रॅमहून हलकं असेल तर मात्र मला ते कळत नाही. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा आहे. शून्य करायचं बटण दोनदा दाबावं लागतं, कारण त्याच्याखाली अकरा वर्षांचा मैदा अडकलाय.

मित्रांनो, माझी एक खोड आधीच सांगून टाकतो. दोन मिनिटं कोणी हात लावला नाही, की मी आपोआप बंद होतो. सेल वाचावेत म्हणून मला तसंच घडवलंय. बंद असताना मला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. त्यामुळे माझ्या गोष्टीत जागोजागी भोकं आहेत. ती मी उगाच बुजवणार नाही.

माझ्या पोटात धातूची एक छोटी पट्टी आहे. वर भार पडला की ती वाकते, अगदी किंचित. किती वाकली त्यावरून आकडा ठरतो. कारखान्यात एका बाईंनी माझ्यावर एक किलोचं चकचकीत वजन ठेवलं. मी म्हणालो, १०००. त्यांनी पोटावर हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि पुढच्या काट्याकडे वळल्या. माझं बालपण एवढंच.

तिथून मी एका बेकरीत गेलो. मैदा, साखर, मीठ, लोणी. पहाटेपासून मला उसंत नसायची. मालक हिशेबी हाताचे होते. चिमूटभर, मूठभर हे शब्द त्यांना खपत नसत. "चिमूट कुणाची? तुझी की माझी?" असं ते कारागिरांना विचारायचे. मात्र एखादं तेल संपलं, की तेवढ्याच वजनाचं दुसरं तेल ओतायचे. केक तसाच फुगायचा, गिऱ्हाईक तसंच खूश व्हायचं. "तेल बदललं तरी ग्रॅम तो ग्रॅम," ते म्हणायचे. ऐकून मला वाटायचं, हे माझंच कौतुक चाललंय.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्यानंच घात केला.

मालकांची कंबर धरली, तेव्हा बेकरी बंद झाली. भट्टी विकली, ट्रे विकले. मला मात्र ते काखोटीला मारून घरी घेऊन आले.

घरात खिडकीपाशी एक लांब टेबल होतं. त्याच्या अर्ध्या भागावर मालकीणबाईंचं काम चालायचं. त्या रफू करायच्या. कपड्याला भोक पडलं, की त्याच कापडाचे धागे काढून त्या ते असं विणून काढत, की धन्यालाही मग जागा सापडत नसे. दुसऱ्या अर्ध्या भागावर मी.

रोज सकाळी त्या एक रेशमाचा धागा बोटांच्या टोकांवरून ओढत. धागा सरकला, तर रेशमाचं काम हातात घ्यायचं. अडकला, तर नाही. बोटांना भेगा असल्या की धागा अडकतो. कामाला हात स्वच्छ लागत, म्हणून त्या दिवसातून पंधरा-वीस वेळा हात धुवत, आणि त्यानंच बोटं फुटत. मी आलो त्या वर्षी धागा बहुतेक सकाळी अडकत होता.

"अहो, आता वर्षअखेरपर्यंत बघते," एकदा त्या म्हणाल्या. "नाहीतर सुया डब्यात ठेवून देते."

"आणि मग काय करशील?"

"तुमचं वजन करीन."

"या काट्याला पाच किलोच झेपतं."

"तुमची अक्कल मावेल त्यात."

दोघं हसले. पण डब्याचं झाकण त्यांनी लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मालक त्या झाकणाकडे बघत राहिले आणि तेवढ्यात माझी दोन मिनिटं

पुन्हा डोळे उघडले तेव्हा समोर मालकांची मेहुणी होती, म्हणजे मालकीणबाईंची धाकटी बहीण. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळते आणि घरी साबण, डोकं धुवायच्या वड्या, ओठांचं मलम असलं काय काय बनवते. आज ती भावोजींना साबण शिकवायला आली होती.

मित्रांनो, साबण कशाचा होतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. ऑलिव्ह तेल ६००. खोबरेल तेल ३००. एरंडेल १००. पाणी २८०. आणि शेवटी पांढरे मणी, कॉस्टिक सोडा, १४१.

"एकशे चाळीस घेऊ, पूर्ण आकडा," मालक म्हणाले.

"तीस वर्षं मोजून मापून केलंत ना भावोजी? मग आता का हात ढिला सोडताय?"

तिनं दोघांना हातमोजे, चष्मे चढवायला लावले. खिडकी उघडली. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, हे तिनं तीनदा बजावलं. पाणी शेगडीवाचून तापलं आणि वाफ आली. (हे तुम्ही मुलांनी एकट्यानं करायचं नाही. या सोड्यानं कातडी जळते.) मालकांनी हौसेनं केकचा साचा आणला, तर ती ओरडलीच, "ॲल्युमिनियम! फसफसून वर येईल सगळं!" मग लाकडी खोक्याला बटर पेपर लावला. तेलात सोड्याचं पाणी ओतून फिरवलं, तसं मिश्रण दाट झालं. मालकांचा चेहरा खुलला. "अगं, हे तर केकचं पीठ!"

दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या. मग सुरू झालं माझं खरं काम. दर आठवड्याला तीच वडी माझ्यावर यायची.

१२६
११९
११५
११३
११२
११२

पाणी उडून जातं, वडी हलकी होते. आकडा थांबला की ती वाळली. आतापर्यंत वस्तू येताच तिचं वजन सांगून मी मोकळा व्हायचो. एखादी वस्तू हळूहळू बदलते आणि तिच्यासाठी थांबावं लागतं, हे मला साबणानं शिकवलं.

मेहुणीनं ओलं बोट वडीवर घासलं आणि जिभेच्या टोकाला लावलं.

"शी!" मालकीणबाई म्हणाल्या.

"ताई, सोडा शिल्लक असला तर जिभेला झटका बसतो. सेलला जीभ लावल्यासारखा. नुसती साबणाची घाण चव आली, तर सगळं ठीक." तिनं तोंड वाकडं केलं. "घाण आहे. छान आहे."

मालक म्हणाले, "केकची चव घेता घेता पोट सुटलं. आता साबणाची घेऊन बारीक होतो."

त्या साबणानं बोटं भरून आली. धागा सरकू लागला. एका वादकाचा जुना रेशमी अंगरखा रफूला आला होता, पाठीवर तळहाताएवढं भोक. मालकीणबाईंनी तो घेतला. असलं काम त्यांनी कितीतरी दिवसांत घेतलं नव्हतं. मालक घरात शीळ घालत फिरू

दुसरा घाणा मालकांनी एकट्यानं केला. खोबरेलाचा डबा माझ्यावर आला, तो निम्म्याहून हलका. त्यांनी तो हलवून पाहिला. मग फडताळातून सूर्यफुलाचं तेल काढलं, भांडं ठेवलं, बटण दोनदा दाबलं आणि ओतलं.

३००.

"ग्रॅम तो ग्रॅम," ते म्हणाले.

मीही तेच म्हणालो, मित्रांनो. दोघांनाही तसूभर शंका आली नाही. सोडा ठरल्याप्रमाणे १४१. वड्या वाळल्या, आकडा ११२ वर थांबला. जिभेचं काम मालकांनी टाळलं. "इतकं बरोबर मोजलंय, आता चाखायचं काय?"

नवी वडी हात धुवायच्या जागी गेली. एक वडी किती दिवस पुरते, हे मालकांना जाणून घ्यायचं होतं. रोज सकाळी ते ती पुसून माझ्यावर ठेवायचे.

११२.
११२.
११२.

"कसा आहे साबण?" ते विचारत.

"छान आहे हो. पहिल्यासारखाच." मालकीणबाई अंगरख्यावरून मान वर करत नसत. त्या सकाळचा धागा हल्ली खिडकीकडे तोंड करून ओढत.

आठव्या दिवशी वडी आली ती थोडी ओलसर.

११३.

मालक वाकले. बटण दोनदा दाबलं. पुन्हा ठेवली. ११३.

"अगं ए! इकडे ये! वापरून वापरून साबण वाढला!"

"काहीतरीच! काटा म्हातारा झालाय तुमच्यासारखा."

मी ओरडून सांगायला हवं होतं. पण मला आकड्यांखेरीज भाषा नाही, आणि माझा आकडा हाच तर माझ्यावरचा आरोप होता. मालकांनी मला उलटं केलं. पोटावरची हिरवी चिठ्ठी आता जवळपास पुसली गेली होती. त्यांनी झाकण उघडलं आणि दोन्ही सेल


हे भोक सगळ्यांत मोठं आहे. ते किती दिवसांचं होतं, मला माहीत नाही.


सेल घातले गेले. टेबल तेच. शेजारी एक नवा काटा, सडपातळ, काळ्या काचेचा. मेहुणी समोर उभी.

"नव्यावर ठेवा," ती म्हणाली. ११२. "आता जुन्यावर."

माझ्या पोटातली पट्टी वाकली. ११२.

"दोन्ही काटे एकच बोलतायत भावोजी. म्हणजे साबण झिजलेलाच नाही. म्हणजे काय?"

मालकांनी वडी खाली ठेवली. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. "हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणतोय ना."

मालकीणबाईंनी हात पुढे केले. बोटांची टोकं लाल, भेगाळलेली, दोन बोटांना पट्ट्या. अंगरखा घडी करून बाजूला ठेवला होता. भोक अर्धंच भरलं होतं.

"पहिल्या दिवशी चार-पाचदाच वापरला," त्या म्हणाल्या. "आग होत होती. तुम्ही इतक्या हौसेनं केला होतात. म्हटलं, मुकाट्यानं जुन्यावर भागवावं."

"आणि वाढला कसा?"

"वरून पाणी शिंपडलं. वापरल्यासारखा दिसावा म्हणून." त्यांनी दोऱ्यांच्या डब्यातून पहिल्या साबणाचा चपटा तुकडा काढून माझ्यावर ठेवला. नखाएवढा.

४.

"एवढाच राहिलाय," त्या म्हणाल्या. "वादक आठवड्यानं येतील. त्यांना अंगरखा तसाच परत द्यावा म्हणते. आणि सुयाही ठेवून देते."

मालक खुर्चीत बसले. "मी सगळं मोजून घातलं. ग्रॅमचा फरक नाही."

मेहुणीनं ओलं बोट दुसऱ्या घाण्याच्या वडीवर घासून जिभेला लावलं आणि टुणकन उडी मारली. "आई गं! झटका! काय काय घातलंत?"

"तेच. फक्त खोबरेल नव्हतं, म्हणून तेवढंच सूर्यफूल."

"तेवढंच?"

"ग्रॅम तो…" वाक्य त्यांच्याच तोंडात अडलं.

मग तिनं समजावलं. केकला तेल कुठलंही चालतं, पण साबणात प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी. तीनशे ग्रॅम खोबरेल जेवढा सोडा खातं, तेवढा तीनशे ग्रॅम सूर्यफूल खात नाही. पंधराएक ग्रॅमचा फरक पडतो. तेलं जादा राहावीत म्हणून सोडा मुळात जरा कमीच धरलेला असतो; ती सूट संपून वर सातएक ग्रॅम सोडा उपाशी राहिला, तो बोटं खात बसला.

माझा एकही आकडा चुकला नव्हता. तरी साबण चुकला होता. आजही याचं मला नवल वाटतं. वजन खरं असूनही ते कशाचं आहे, हे मला कधीच माहीत नसतं.

"टाकून देऊ सगळा," मालक म्हणाले.

"कशाला? उपाशी आहे ना, मग जेवायला घाला." मेहुणीनं कागदावर आकडेमोड केली. "सगळ्या वड्या किसा. शंभर ग्रॅम ऑलिव्ह तेल घालून मंद आचेवर शिजवा."

"नव्या काट्यावर मोजू?" मालकांनी विचारलं.

"जुन्यावरच," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याच्यावर उगाच आळ घेतला मी."

मालकांनी बटण दोनदा दाबलं. शंभर. हातमोजे, चष्मे घालून दोघी किसायला बसल्या आणि मी झोपी

नव्या वड्या दिसायला ओबडधोबड, खडबडीत झाल्या. शिजवलेला साबण लवकर तयार होतो, पण तरी दोन दिवस वाळू दिला. मग मालकांनी वडी माझ्यावर ठेवली, १०८, आणि ओलं बोट तिच्यावर घासलं. बोट जिभेपर्यंत नेलं, डोळे मिटले, आणि त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं, की मालकीणबाईंच्या हातातली सुई खाली पडली.

"झटका?"

"घाण," मालक म्हणाले. "इतकी घाण चव मी जन्मात घेतली नाही." आणि ते हसायला लागले.

त्यानंतर रोज सकाळी:

१०६
१०५
१०३
१०२

आकडा कमी होताना बघून इतका खूश झालेला माणूस बेकरीत मी कधी पाहिला नव्हता. "झिजतोय गं, झिजतोय!" असं ते शेजाऱ्यांनाही सांगत सुटले. वादकाकडून त्यांनी आणखी तीन आठवड्यांची मुदत मागून आणली होती. पट्टी आधी एका बोटाची निघाली, मग दुसऱ्याची.

वडी ७१ वर होती, त्या सकाळी मालकीणबाई खिडकीकडे पाठ करून बसल्या. त्यांनी धागा सगळ्यांदेखत बोटांवरून ओढला. मग तो माझ्यावर ठेवला, अंगरखा पुढे घेतला आणि सुईचा डबा उघडला.

धागा माझ्या पाठीवर होता. मी म्हणालो, ०.

मला तो कळलाच नाही. पण बघत होतो, तो कुठेही अडकला नव्हता.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. घरातल्या जुन्या वस्तूनं न पटणारं काही सांगितलं, तर तिचे सेल काढायच्या आधी तिला आणखी एकदा विचारा. आणि कोणी "छान आहे" म्हणालं, तर एकदा त्याचे हातही बघा. बटणाखालचा मैदाही जमलं तर कोरड्या ब्रशनं काढा, पाण्यानं नको. आता दोन मिनिटं होत आली. मालकीणबाई अंगरख्यात गढल्यात, मालक वडी आणायला गेलेत, आणि आजचा आकडा नक्कीच