उजेडाची कळ

मी एक लॅपटॉप बोलतोय. विटेसारखा जड आणि काळा. जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण माणसांत राहायला मी शिकलो ते धुळ्याला, देवपुरात.

१९९९ साली अभिमन सरांनी मला पुण्याहून जुना विकत आणलं. ते कॉलेजात संगणक शिकवायचे. घरात ते आणि त्यांची आई सुंदरबाई, दोघंच. आल्या दिवशीच सरांनी माझ्यातलं विंडोज काढून लिनक्स बसवलं. मला ते मानवलं, पण पडद्याचा उजेड एकदम उतरला. सूर्याचं चित्र असलेली कळ कितीही दाबली तरी तो वाढेना. सर डोळे बारीक करून काम करत. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग लताचा फोटो आला. लता सरांची धाकटी बहीण, मस्कतला दिलेली. तिला मुलगी झाली होती. जावयांनी ई-मेलनं पाठवलेला मायलेकींचा फोटो सरांनी कॉलेजात फ्लॉपीवर घेतला आणि घरी येऊन माझ्यावर उघडला.

सुंदरबाईंना काचबिंदू होता. उरलेली नजर किती टिकेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते. त्या माझ्यापुढे वाकल्या, नाक पडद्याला टेकेपर्यंत.

"माले बठ्ठं अंधारंच दिखस," त्या म्हणाल्या. "मन्हा डोया ग्यात का रे?"

"डोया नही, माय. हाई मशीनच बिघडेल शे."

गावातल्या दुकानदारानं मला उघडूनही पाहिलं नाही. "पडद्यामागची उजेडाची ट्यूब गेली, सर. मुंबईला पाठवावा लागेल." सरांनी मला परत आणलं. सकाळी चालू करताना त्यांच्या लक्षात आलं, की सुरुवातीला कंपनीचं नाव येतं तेवढा वेळ मी लख्ख असतो. लिनक्स जागं झालं की मंदावतो. म्हणजे ट्यूब शाबूत होती.

लिनक्सवाल्यांच्या ई-मेल गटावर त्यांनी विचारलं. उत्तर आलं, की माझ्या जातीच्या लॅपटॉपची लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, ओळखच नाही. ही ओळख करून देणारी सोय निवडून गाभा नव्यानं बांधा. रविवारी सर बसले. काम निम्म्यावर असताना वीज गेली. माझी बॅटरी नावालाच होती. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी बांधून झालं, तर मी सुरूच होईना. जुन्या गाभ्यावर परतून त्यांनी चूक शोधली, परत बांधलं, आणि एक छोटी आज्ञा टाइप केली. माझा पडदा उजळला.

"माय, आते ये."

सुंदरबाई बराच वेळ बघत राहिल्या. सरांना वाटलं, नातीला बघतेय.

"लता कशी सुकाई गयी," त्या म्हणाल्या.

"थकेल व्हई, माय."

"थकेल नही. तिना डोया देख. मन्ही पोर बिमार शे. तिले फोन लाव."

हाच फोटो सरांनी कॉलेजातल्या चांगल्या पडद्यावर पाहिला होता. त्यांना बाळच दिसलं होतं. मला तर ते दोन चेहरे म्हणजे नुसते ठिपके होते.

दोघं एसटीडी बूथवर गेली. तिथलं मला नंतरच्या बोलण्यातून कळलं. लता आधी सगळं ठीक आहे म्हणाली. आईनं फोन घेतल्यावर रडली. बाळंतपणापासून तिचा ताप उतरत नव्हता. आई डोळ्यांच्या काळजीत, म्हणून तिनं लपवलं होतं.

महिन्याभरात लता माहेरी आली. औषधपाण्यानं सावरली. तोवर सुंदरबाईंची नजर गेली होती. नात त्यांनी हातांनीच पाहिली, कपाळापासून तळपायापर्यंत.

आता मी कपाटावर असतो. सरांनी दुसरा संगणक घेतला. माझी बिजागरी निखळली आहे, चालू होईन असं वाटत नाही. भंगारात द्यायला माझी हरकत नाही, फक्त सुंदरबाई आहेत तोवर थांबा. त्या मला पदरानं पुसतात. धूळ आहे की नाही ते दिसत नाही, म्हणून रोजच पुसतात.