काठावरची सव्वीस नावं

राहीला नवी होडी हवी होती ती एवढ्यासाठी, की ती एकटीला उचलता यावी. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा! पण गावाच्या मुंबई मंडळाने त्यावर चार महिने चर्चा केली आणि तरी त्यांना ते कळलं नाहीच.

राहीचं गाव पूर्णगडच्या खाडीच्या आतल्या अंगाला आणि तिची अंगणवाडी पलीकडच्या वाडीत. पुलावरून वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून होडी. ओहोटीला पाणी चाळीस पावलं मागे सरतं आणि मधे गुडघाभर चिखल उरतो. जुनी होडी त्यातून ओढायला दोन गडी लागत. गडी कुठले आणायचे? सगळे मुंबईला. उरले पारावरचे तीन म्हातारे, त्यातल्या दोघांच्या कमरेला पट्टा. एका महिन्यात तर सात दिवस राही पोचलीच नाही. अकरा पोरं खिचडीची वाट बघून घरी गेली, आणि दीड वर्षांच्या सानवीचं वजन घ्यायचं राहून गेलं. सानवी वजनाच्या तक्त्यात लाल रकान्यातली, म्हणजे फारच कमी वजनाची, अजून उभीसुद्धा न राहणारी. त्या आठवड्यात राहीला स्वतःच्या घरात घास गोड लागला नाही.

शेवटी भागोजी सुताराने मनावर घेतलं. पातळ प्लायवूड, वरून फायबरचं कापड, आत चार बारीक फासळ्या. सांगाडा तयार झाल्यावर राहीने तो पोरांना तोलायच्या काट्याला टांगला. पंचवीस किलोपर्यंतचा काटा तो, राही पिशवीतून ने-आण करते तो, भागोजीच्या दारच्या आंब्याच्या फांदीला लटकवलेला. सुई अठरावर थांबली.

"वजन कमी भरलं म्हणून मी खूश झाले, असं पहिल्यांदाच होतंय," राही म्हणाली.

राहिली काठपट्टी. होडीच्या वरच्या दोन्ही कडांना लावतात ती. ती नसेल तर असली पातळ होडी पाण्यात फाकते, आणि वल्हं घासून कड झिजते ते वेगळंच.

"शिवणीच्या लाकडाची लावतो," भागोजी म्हणाला. "हलकी असते, लवकर कुजत नाय. दोन किलोत काम होतंय बघ."

झालं, मिटला होता विषय! पण सामान मंडळ देणार होतं, म्हणून राहीने ग्रुपवर सहज विचारलं आणि आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला.

अभयची नालासोपाऱ्यात स्लायडिंगच्या खिडक्यांची कामं. तो म्हणाला, ॲल्युमिनियमशिवाय दुसरं काही बघायचंच नाही. मंडळाचे अध्यक्ष हरिश्चंद्रकाका म्हणाले, गावाची शोभा सागात. एकाने संगमरवर सुचवला, तेव्हा दुसऱ्याने त्याला आठवण करून दिली की आपण होडी बांधतोय, समाधी नाही. यातल्या एकानेही गेल्या वीस वर्षांत वल्हं हातात धरलं नव्हतं. मग काकांनी खरा मुद्दा काढला. "नावं कशावर घालायची?"

आता हे आमच्याकडचं जुनं दुखणं. देवळातली घंटा, स्टँडवरचं बाकडं, काही म्हणजे काही देणगीदाराच्या नावावाचून सुटत नाही. शाळेच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नावं आहेत. पंखा फिरला की ती वाचता येत नाहीत, म्हणून पाहुणे आले की ऐन मे महिन्यात पंखा बंद ठेवणारी माणसं आम्ही! तर सागावरचा रंग उडतो, ॲल्युमिनियमवरची अक्षरं उठून दिसत नाहीत, स्टीलवर मात्र झकास चमकतात. कुणाचं मन मोडायला नको म्हणून ठरलं, आतून साग, बाहेरून ॲल्युमिनियम आणि वर स्टील. स्टीलवर सव्वीस नावं, त्यात सात कैलासवासी.

राहीने काकांना फोन लावला. "काका, मला ती एकटीला उचलता यायला हवी हो."

"अगं, नावांना कुठे वजन असतं?" काका हसत म्हणाले.

शिमग्याला मंडळी गावी आली. भरतीची वेळ साधून नारळ फुटला, होडी पाण्यात गेली, फोटो निघाले, भाषणं झाली. भागोजीला कुणी बोलायला सांगितलं नाही आणि त्यालाही हौस नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंडळी परतली आणि सकाळी नेमकी ओहोटी. राहीने होडी ओढली, ती हलेना. अंगातलं सगळं बळ लावलं तशी पाय सटकून चिखलात बसली. समोर सव्वीस नावं उन्हात लखलखत होती. "मेल्यांनो, या आता ओढायला!" ती ओरडली, आणि मग तिला रडूच फुटलं. पलीकडच्या काठावर पोरं दिसत होती.

भागोजी धावत आला. दोघांनी मिळून होडी आंब्याखाली नेली नि काट्याला टांगली. सुई पंचवीसला जाऊन अडकली. भागोजीने खिशातून पेचकस काढला.

"शिवणीची पट्टी मी पहिलीच बसवलीय, ह्या सगळ्याच्या खाली," तो स्क्रू काढत म्हणाला. "वरचं नुसतं अडकवलंय."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू ग्रुपवर टाकलं असतंस."

तासाभरात सुई विसावर आली. साग आणि ॲल्युमिनियम भागोजीच्या पडवीत गेलं. स्टीलच्या दोन्ही पट्ट्या राहीने अंगणवाडीच्या भिंतीला लावल्या, जमिनीपासून दीड फुटावर, पोरांना धरून उभं राहायला.

आठ दिवसांनी काकांचा फोन आला. "ग्रुपवर टाकलेल्या होडीच्या नव्या फोटोत नावं दिसत नाहीत गो?"

"काका, ती भिंतीला लावलीयत. तुमचं नाव धरून सानवी आज पहिल्यांदा उभी राहिली."

"माझं नाव धरून?" काकांनी हळूच विचारलं. राहीला वाटलं, म्हातारा विरघळला.

"फोटो पाठव," ते म्हणाले.

तिने पाठवला. सानवी दोन दात दाखवत उभी, पाय थरथरतायत, आणि चिमुकला पंजा पट्टीवर घट्ट. पाचच मिनिटांत पुन्हा फोन.

"छान आहे. पण तिचा हात नेमका माझ्या आडनावावर आलाय. जरा बाजूला करून दुसरा काढ ना."

"हात काढला की ती पडते, काका," राही म्हणाली. तिने फोन पिशवीत टाकला, सानवीला न्यायला आलेल्या तिच्या आजीच्या हवाली केलं आणि होडी खांद्यावर घेऊन चिखलात उतरली.