निवेदिताचं पान

यमुना गेल्याला वर्ष झालं, म्हणून लंडनमधल्या इल्फर्डच्या मराठी मंडळाने हॉल घेतला होता. मंडळाचा स्वयंपाक तिने आयुष्यभर केला. तिच्या माहेरची पितळी समई स्टेजवर उभी होती. ती लावायला निवेदिता, एकुलती एक मुलगी, हेगहून आली होती.

निवेदिता तिथल्या आंतरराष्ट्रीय कोर्टात वकील. एका युद्धातल्या गुन्ह्यांचा खटला तिने हातात घेतला आणि समुद्रापलीकडच्या एका बलाढ्य सरकारला तो झोंबला. त्याने न्यायाधीशांवर निर्बंध घातले, तिच्यावरही. तिचं कार्ड बंद, ईमेल बंद.

"उदयकाका, एक मिनिट." मंडळाच्या अध्यक्षाने, सतीशने, यमुनाच्या नवऱ्याला, उदयरावांना, कोपऱ्यात घेतलं. दिवाळीत यानेच निवेदिताला शाल घातली होती आणि फोटोत स्वतः मधोमध उभा राहिला होता.

"जेवण मंडळ वाढतंय ना, म्हणजे ती सर्व्हिस झाली. सँक्शन लागलेल्या माणसाला सर्व्हिस द्यायची नसते. माझी कंपनी तिकडची आहे, काका."

"म्हणजे तिला वाढायचं नाही?"

"तिने डबा आणला तर काहीच प्रॉब्लेम नाही. आणि समई माझा मुलगा परीक्षित लावेल. फोटो निघतात हो."

"आईच्या वर्षश्राद्धाला मुलीने डबा आणायचा?"

"पर्सनली मी तिच्याच बाजूने आहे."

"दिसतंय की. श्वास घेतोस तो कुणाला विचारून रे? तिकडूनच परवानगी येते का?"

सतीश ओशाळं हसला. ते हसू बघून उदयरावांना किळस आली. हा व्हिसावर नवा आला होता तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्याच टेबलाशी बसायचा. यमुनाने त्याचे कागद बघून पोळी वाढली नव्हती.

ते स्टेजवर गेले. समईतलं तेल बाटलीत ओतलं आणि तिचे भाग एकेक करून फिरवून सुटे केले. सतीश धावत मागे आला.

"काका, कार्यक्रमाचं काय?"

"करा ना. परीक्षितला मोबाइलचा टॉर्च धरायला सांग."

लेकीला घेऊन ते बाहेर पडले. थांबवायला कुणी उठलं नाही. वाढपी मात्र लगेच पंगतीत फिरायला लागले.

घरी निवेदिताने समई जोडली, वात सारखी केली आणि आईच्या फोटोपुढे लावली. उदयरावांनी कुकर लावला. वरणभात जरा पाणचट झाला. स्वयंपाकाचा त्यांचा अनुभव सगळा या वर्षभराचाच. त्यांनी लेकीचं पान वाढलं, वर तूप सोडलं.

"बाबा, मला वाढणं गुन्हा आहे हं."

"मग अजून घे," ते म्हणाले आणि डाव पुन्हा भातात घातला.