मयताचं पाणी

दाराआडच्या चावीच्या टोकाला चिकटलेली माती वाळून भेगाळली होती. इतकी वर्षं तिथे ओलीच माती असायची — पहाटे शकुबाईचा लेक गोकुळ पाणी सोडून आला की चावी दाराआड टेकवायचा, तिच्या बुडाशी फरशीवर एक ओला गोल उमटायचा आणि उन्हं उंबऱ्यापर्यंत आली तरी तो वाळायचा नाही. साल दोन हजार तेवीस, चैत्र सरत आलेला, आणि तो गोल आता नुसता तांबूस डाग होऊन राहिला होता. शकुबाईने पायाच्या अंगठ्याने तो पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

चावी म्हणजे कुलपाची नव्हे. कमरेएवढी लोखंडी सळई, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खाच. रस्त्यातल्या झाकणाखाली व्हॉल्व्ह असतो, त्यावर ती बसवायची आणि अंगाचा भार टाकून फिरवायची, की त्या आळीला पाणी सुटतं. गावात टाकी झाली तेव्हा ग्रामपंचायतीने ही चावी तिच्या नवऱ्याच्या, रावजींच्या हातात दिली होती. शकुबाई तेव्हा कोऱ्हाळ्याहून नवी नवी नांदायला आलेली. शेजारणींनी तिला नावच पाडलं, पाणीवाली. रावजी गेले, चावी गोकुळकडे आली. लोखंड तेच राहिलं, मूठ तेवढी गुळगुळीत होत गेली... दोन माणसांच्या तळव्यांनी घासून घासून.

मग ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. बारामतीहून इंदापूरला जाताना लागणारं हे गाव आता शहर झालं म्हणून पेढे वाटले, ते हिच्याही घरी आले, हिने देवापुढे ठेवले. देवाला तरी काय कळणार होतं! वरून ठरून आलं, की शहराला किती माणसं लागतात आणि कोणती. आकृतिबंध, असा शब्द गोकुळने घरी आणला. जेवताना तो दोनदा उच्चारला आणि ताटावरून उठला. पाणी सोडणारे त्या आकृतिबंधात बसत नव्हते. पाणी ठेकेदार सोडणार होता.

संघटनेने काम बंद केलं. तिचे बारामतीचे पुढारी कुंडलिकराव जुन्या स्कूटरवरून आले, कचेरीच्या दारात सतरंजी टाकून बसले, बसक्या आवाजात म्हणाले, की चाव्या ज्याच्या त्याच्या घरी ठेवा. आपल्यावाचून नळाला थेंब येत नाही हे एकदा साहेबांना दिसू द्या. शकुबाईला ते पटलं होतं. खरंच पटलं होतं. आळीतल्या बायका टोमणे मारायच्या, त्यांतही तिला आतून एक अभिमान वाटायचा — बघा म्हणावं, कुणाच्या हातात होतं ते. कालच समोरच्या रंगूबाईने रिकामी कळशी हिच्या ओट्यावर आदळली होती.

"पाणीवालीच्याच घरात पाणी न्हाय म्हनल्यावर आमी तोंड कुठं धुवावं गं शके?"

"नको धू," शकुबाई म्हणाली होती. "धुऊन कुठं उजळतंय आता."

दोघी हसल्या होत्या. समोर घरातल्या खाटेवरून रंगूबाईचे मालक, भीमातात्या, खोकत खोकत ओरडले होते, की हसायला लागलं म्हंजे चहा मिळत न्हाय आज...

ते खोकणं आठवत ती दाराआड पाहत होती, तेवढ्यात समोरून हंबरडा ऐकू आला.

कुणी सांगायला यावं लागलं नाही. आवाज रंगूबाईचा होता आणि तो तसा एकाच कारणाने निघतो. पण शकुबाईचं लक्ष आधी समोर गेलंच नाही, चावीकडे गेलं — आणि याचं तिला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. रावजी असंच करायचे. आळीत रडणं उठलं की हातातला घास ताटात ठेवून चावी खांद्यावर टाकायचे, मग ती पाण्याची पाळी असो नसो, टाकीत पाणी भरलेलं असो वा तळाला गेलेलं असो. मयताची आंघोळ, मग मयत उचलल्यावर बायकांच्या आंघोळी, स्मशानातून आलेल्या पुरुषांच्या आंघोळी. मयताच्या घरच्याने पाणी मागायला येऊ नये, एवढंच ते म्हणायचे, जास्त कधी बोलले नाहीत. आणि कधी कुणी मागायला आलं नाही. लोक नळ उघडत आणि पाणी असे. मला वाटतं, ते पाणी रावजी सोडतात हे निम्म्यांना माहीतही नसेल; रडल्यावर पाणी येतंच, असं त्यांना वाटत असेल...

शकुबाई समोर गेली तेव्हा रंगूबाईच्या घरात भीमातात्यांना जमिनीवर घेतलं होतं. त्यांची लेक प्रगती लोणी भापकरहून निघाली होती, तिच्यासाठी थांबायचं होतं. पुतण्या शेतावरून पाणी आणायला ट्रॅक्टर घेऊन गेला आणि मोकळाच परत आला. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची, दिवसा मोटार चालत नव्हती. घराघरांतून तांब्या-तांब्या जमवलेलं पाणी एका बादलीत अर्ध्यावर आलं. फुलाबाई, कोपऱ्यावरची, ती बादली उचलून पुन्हा खाली ठेवत होती, जणू हलवल्याने वाढेल. कुणी शकुबाईला काही म्हणालं नाही. रंगूबाईने फक्त एकदा अंगणातल्या नळाकडे पाहिलं आणि मग हिच्याकडे पाहायचं टाळलं.

ते टाळणं — त्यापेक्षा तिने मागितलं असतं तर! मागितलं असतं तर मी म्हणाले असते, अगं माझ्या हातात काय आहे, लेकाच्या नोकरीचं आहे, सगळ्यांचं ठरलंय. हे सगळं तोंडात तयार होतं. पण जिने मागितलंच नाही तिला उत्तर काय द्यायचं?

ती उठून घरी आली आणि तिने चावी उचलली. सून रोहिणी दारात आडवी उभी राहिली.

"आत्या, ठिवा ती. आज आपणच पाणी सोडलं तर ह्यांनी इतकं दिस उन्हात बसून काय केलं?"

रोहिणी चुकीचं बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तात्यांसाठीही होतं. तिच्या लेकीला, लहान संस्कृतीला, तात्यांनीच खांद्यावर घेऊन वाढवलं होतं. शकुबाई चावीसकट पुढे सरकली. रोहिणीच बाजूला झाली.

चावी इतकी जड असते हे तिला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर केर काढताना ती इकडची तिकडे सरकवली होती, रस्त्यावर घेऊन कधी निघाली नव्हती. खांद्यावर जाईना, म्हणून मूठ धरून ओढत निघाली, आणि लोखंड डांबरावर खरडत मागे येऊ लागलं. लोक दारांतून पाहत होते. आपल्याला ती फिरवता येणार नाही, हे तिला कोपऱ्याआधीच कळलं होतं. तरी ती चालत होती. निदान झाकणापाशी उभी तरी राहीन, निदान कुणी पाहील की या घरातून कुणीतरी निघालं होतं...

कोपऱ्यावर गोकुळ समोरून जवळजवळ पळतच आला. शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने चावी पाहिली, तिला पाहिलं.

"कुठं निघालीस आये?"

"कुठं न्हाय."

"आन हिकडं. मीच न्यायला आलो व्हतो. कुंडलिकराव म्हनले, जा. मयताला संप न्हाय."

"कधी म्हनले?"

त्याने चावी खांद्यावर घेतली. मग चालता चालता तुटक सांगू लागला. बातमी कळली तेव्हाच तो उठला होता, पण त्याच्याबरोबर पाणी सोडणाऱ्या रामहरीने हात धरून बसवला. आज मयत, उद्या लगीन, परवा बारसं, मग संप कशाला म्हनायचं, असं रामहरीचं. त्यावर दोन तट पडले, प्रत्येकाला बोलू दिलं, शेवटी हात वर करायला लावले. सगळे हात वर आले. रामहरीचासुद्धा.

म्हणजे सगळ्यांचीच तयारी होती. हे ऐकून तिच्या छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि त्याच क्षणी तिला दिसलं, की रस्त्यातलं झाकण उघडं आहे. मोटारसायकल उभी. एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस वाकून उभा, हातात नवी चावी, अजून निळ्या रंगाची, कुठेही गंज नाही. ठेकेदाराचा माणूस, युवराज. झाकणाखालून पाण्याचा तो आवाज येत होता — आधी घोगरा, मग भरून आलेला.

"ऱ्हाऊ द्या काका," तो गोकुळला म्हणाला. नम्रपणेच म्हणाला. "झालंय. सायबांचा फोन आला व्हता, म्हनले आधी मयताच्या घरी."

गोकुळने चावी खाली टेकवली. झाकण सारण्यासाठी त्याने दुसऱ्या बाजूने हात लावला. सवयीनेच लावला असावा.

रंगूबाईच्या अंगणात नळ धो धो वाहत होता. चुलीवर हंडा चढला होता. प्रगती आली होती, रडून रडून तिचा आवाज गेला होता. रंगूबाईने शकुबाईचा हात धरला.

"आलं गं पाणी. गोकुळनं सोडलं नव्हं?"

फक्त व्हय म्हणायचं होतं. शब्द ओठांपाशी आला होता. पण फुलाबाईने हंड्याखाली लाकूड सारत, मान वर न करता सांगून टाकलं, "गोकुळनं कुठलं. ठेकेदाराच्या मानसानं सोडलं."

रंगूबाईने हात काढून घेतला नाही. तसाच धरून ठेवला. आणि शकुबाईला वाटत राहिलं, की तो तिने काढून घ्यायला हवा होता.

मयत उचलल्यावर घरी येऊन तिने पाहिलं, रोहिणीने पिंप भरलं होतं, कळश्या, पातेली, तांबे, पिठाची परातसुद्धा. सून मान खाली घालून उभी होती. शकुबाई मोरीत बसली, डोक्यावरून पाणी घेतलं. पाणी तेच होतं, कालव्याचं, किंचित मातकट वासाचं. काही वेगळं लागलं नाही. वेगळं लागेल असं तिला का वाटलं होतं कोण जाणे.

सतरंजी पावसाळ्याआधीच उठली. काही जण आकृतिबंधात बसले, त्यांत रामहरी. गोकुळ बसला नाही. तो बारामतीच्या एमआयडीसीत एका गेटवर उभा राहतो, जळोचीत खोली घेतली आहे, आठवड्याला घरी येतो. संघटनेची केस पुण्याला चालू आहे. कुंडलिकराव अजून तारखेला जातात, स्कूटर विकली, आता एसटीने. ठेका बदलला तेव्हा युवराजही गेला, इंदापूरला पाईपच्या दुकानात आहे म्हणतात. रंगूबाईला प्रगतीने लोणी भापकरला नेलं. फोनवर ती अजून पाणीवालीच म्हणते. रोहिणी शिवणकाम करते. चावी कचेरीने जमा करून घेतली.

दाराआड आता केरसुणी असते. डाग गेलेला नाही.

आळीत अजून रडणं उठतं, माणसं म्हातारी झाली आहेत. पाणी कधी लगेच येतं, कधी येत नाही. शकुबाईचे कान आता रडण्याकडे नसतात, कोण गेलं हे ती मागाहून विचारते. ती अंगणात येऊन नळापाशी उभी राहते, तोटी सैल करते आणि ऐकते. नको येऊस, असं काहीतरी तिच्या मनात चाललेलं असतं... आज तरी नको येऊस. समोर कुणाच्या तरी घरी मयत पडलेलं असतं, आणि रावजीची बायको, मी, कोरड्या नळापाशी जीव मुठीत धरून उभी असते.