चार्ज कोणाला द्यायचा

परदेशात मी झोपायला गेले होते. हसू नका. लोक फिरायला जातात, खरेदीला जातात, मी समुद्र ओलांडून झोपायला गेले.

मी मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर. रात्रपाळ्या कधीच सुटल्या होत्या, पण झोप काही परत आली नव्हती. अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे आणि कान शेजारच्या उशीकडे. आमचे हे घोरायचे मध्येच थांबले की मी ताडकन उठून त्यांच्या नाकाशी हात धरायची. "बाईसाहेब," हे वैतागून म्हणायचे, "मी नवरा आहे, पेशंट नाही."

मग एक दिवस वॉर्डात मला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि नेमके मोठे डॉक्टर समोर. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. पण ते हळूच म्हणाले, "सिस्टर, मोठी रजा घ्या आणि झोप घेऊन या. नाहीतर मला तुम्हाला स्टोअरला बसवावं लागेल." स्टोअर म्हणजे कापसाचे गठ्ठे आणि सलाइनच्या बाटल्या. बाटलीला काही 'आज कसं वाटतंय' म्हणून विचारता येत नाही. त्या दिवशी मी घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

पुढची सूत्रं धाकट्या जावेनं हातात घेतली. तिचा मुलगा तिकडे नोकरीला, आणि कंपनी त्याला काही आठवडे दुसऱ्या गावी पाठवत होती, म्हणजे खोली रिकामी. "ताई, इथे राहिलात तर कोणी ना कोणी तुम्हाला उठवणारच," ती म्हणाली. "तिकडे तुम्हाला कुत्रंही ओळखत नाही. जा आणि लोळा."

पुतण्यानं निघण्यापूर्वी सगळं दाखवलं. "काकू, ही किल्ली वरच्या दाराची, ही खालच्याची. शेगडी बटणावर चालते, काडी शोधू नका. आणि काहीही झालं तरी कोणाचं बीपी बघायचं नाही!"

"मला काय तेवढाच उद्योग आहे?" मी म्हणाले. मशीन माझ्या बॅगेत साड्यांखाली होतं, ते काही मी त्याला सांगितलं नाही.

खोली छान होती. जाड पडदे, गुबगुबीत गादी, आणि शांतता तर इतकी की ती ऐकायला मी जागी राहायची. सकाळी उठून (झोपलेलीच नसताना 'उठून' म्हणायचं) मी चहा करायची, खिडकीतून समोरच्या बाल्कनीतली बाई चादरी झटकायची ते बघायची. तिची घडी घालायची पद्धत चुकीची होती. मग पाव आणि अंडी आणायला खाली उतरायची, बागेतल्या बाकावर बसायची, दमून वर यायची आणि आडवी व्हायची. की डोळे उघडे.

"झोपलीस का?" हे फोनवर विचारायचे.

"झोपले असते तर फोन कोणी उचलला असता?"

"तुझ्याशिवाय मलाही झोप येत नाही गं," हे म्हणाले. "नाकाशी हात धरायला कोणी नाही." मला हसू आलं.

इमारतीच्या तळाशी केस कापायचं दुकान होतं. तिथल्या बाईचं नाव मला उच्चारता येईना, म्हणून मनातल्या मनात मी तिला कात्रीबाई म्हणायला लागले. तिच्या दुकानाच्या काचेशी, उन्हात, तिची म्हातारी आई बसलेली असायची. एक दिवस पाव घेऊन येताना मला दिसलं की आजींची मान पार छातीवर गेली आहे. झालं. पिशवी टाकली आणि आत शिरले. मान सरळ केली, माझी शाल गुंडाळून मानेखाली दिली, मनगट धरलं. नाडी उत्तम. नुसती डुलकी होती.

कात्रीबाई हातात कात्री उगारून माझ्याकडे बघतच राहिली. "नर्स," मी छातीवर बोट ठेवून म्हटलं. हा एक शब्द तिला समजला. मग तिनं आपल्या फोनला काहीतरी सांगितलं आणि फोनमधली बाई मराठीत बोलली, "माझी आई उठताना पडते. घरी एकटी ठेवू शकत नाही. म्हणून मी आरशातून तिच्यावर लक्ष ठेवते." तेव्हा मला कळलं की ही बाई केस कापताना मध्येच का थांबते. दर थोड्या वेळानं तिचे डोळे आरशात आईला शोधायचे.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन खुर्ची ओढून आजींपाशी बसले. पुतण्याला कळलं असतं तर त्यानं डोक्याला हात लावला असता. पण मी म्हटलं, बाकावर बसून कबुतरं बघण्यापेक्षा हे काय वाईट? रोज जायला लागले. आजी जाग्या असल्या की आम्ही बोलायचो, त्या त्यांच्या भाषेत, मी मराठीत. सुनांबद्दल बोलत असाव्यात, सूर ओळखीचा होता. जेवणानंतर त्यांना पेंग यायची, पण पडू या भीतीनं त्या डोळे ताणून बसायच्या. मग मी त्यांचं मनगट हातात घ्यायची आणि वॉर्डात आयुष्यभर म्हणत आले तेच म्हणायची, "झोपा आजी, मी जागी आहे."

त्या झोपायच्या. कात्रीबाई आरशात न बघता अख्खं डोकं कापून संपवायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

त्या निवांत दुपारी बसल्या बसल्या मला माझं दुखणं कळलं. आमच्याकडे ड्युटी संपली म्हणून कोणी सुटत नाही. पुढच्या सिस्टरला पलंगापाशी न्यायचं, एकेक पेशंट तिच्या हवाली करायचा, ती 'घेतला' म्हणाली की आपण मोकळ्या. ह्याला चार्ज देणं म्हणतात. पण मी इनचार्ज झाले आणि चोवीस तास सगळ्यांचा चार्ज माझ्याकडेच राहिला. वॉर्डाचा, घराचा, ह्यांच्या घोरण्याचा. घेणारं कोणी उरलंच नव्हतं.

माझी निघायची वेळ जवळ आली. झोपेचं नाव नाही. स्टोअरमधली ती खुर्ची आता स्पष्ट दिसायला लागली होती. माझा पडलेला चेहरा बघून की काय, कात्रीबाईनं एका दुपारी मला हाताला धरून बेसिनपाशी बसवलं. मी नको नको म्हणत होते, तिनं माझा अंबाडा सोडूनसुद्धा टाकला. कोमट पाणी, साबणाचा फेस, आणि तिची बोटं. आई गेल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. आजींकडे लक्ष ठेवायला हवं, एवढं मनात आलं, आणि पुढचं मला काही आठवत नाही.

दचकून जागी झाले तेव्हा काचेवरचं ऊन उतरलं होतं. डोक्याला टॉवेल, अंगावर माझीच शाल. दारातली गिऱ्हाइकं पाय न वाजवता उभी, आणि कात्रीबाई हेअर ड्रायर बंद ठेवून ओल्याच केसांना कात्री लावत होती. आजी! मी धडपडून उठायला गेले, तर माझं मनगट कोणीतरी धरलेलं.

आजी शेजारी बसल्या होत्या. त्यांची खुर्ची कात्रीबाईनं माझ्यापाशी आणून ठेवली होती. दोन बोटं माझ्या मनगटावर, नाडी सोडून भलत्याच जागी, पण घट्ट. डोळे ताणलेले, पडायच्या भीतीनं नव्हे. त्यांनी मला मागे रेटलं आणि एकेक शब्द जपून बाहेर काढत, मोडक्या उच्चारात म्हणाल्या,

"झोपा. मी... जागी आहे."

मला रडू फुटलं. वॉर्डाचं, ह्यांचं, माझं, सगळं त्या हाताला सांगावंसं वाटलं, पण त्यांना कळणारं मराठी तेवढंच होतं.

"घ्या आजी," मी म्हटलं, "चार्ज दिला." आणि कूस बदलून परत झोपले.