जलकुंभीचा कागद

रेवताबाईनं चौकट टाकीतून वर उचलली, तसा कागद पुन्हा मधोमध फाटला. जाळीवरचा लगदा ओघळून पाण्यात पडला.

सकाळी तलावातून तोडून आणलेल्या जलकुंभीचे दांडे आज शिजवताना लवकरच विरघळले होते. पानांच्या कडाही करपलेल्या. ती चार दिवस माहेरी होती. तेवढ्यात उन्हानं झालं असेल, असं तिला वाटलं. शहापूरच्या हॉटेलवाल्याला दिव्यांवर घालायला पळसाच्या पाकळ्या घातलेले जलकुंभीचे कागद हवे होते. तिनं कोपरापर्यंत हात घालून लगदा पुन्हा ढवळला. रोज मदतीला येणारी नणंद रिंकू आज फिरकली नव्हती.

दुपारी नवरा आसाराम सायकलवरून उतरला. हँडलला माशांची पिशवी होती. रोज तलावात जाळं टाकणारा माणूस बाजारातून मासे घेऊन आला होता.

"हे कुठचे?"

"करडीच्या बाजारातले. तलावातले आता काही दिवस खायचे नाईत." त्यानं सायकल भिंतीला टेकवली. "मच्छीमार सोसायटीनं जलकुंभीवर दवाई मारली. जाळंच बुडत नव्हतं पाण्यात."

"कधी?"

"तू माहेरी होती तवा."

रेवताबाईनं हात बाहेर काढले.

"रिंकूले सांगितलं?"

"हो. म्हटलं, कामावर नको जाऊ."

"अन् मले?"

तो पायरीवर बसला. "तू सोसायटीत जाऊन भांडली असती. मारूच देली नसती."

"ते मारायच्या आधीचं झालं. काल त मी घरी आली होती." तिचा आवाज चढला नाही. "सकाळी तोडाले निघाली, तवा तुमी इथंच चहा पिऊन राहिले होते."

आसारामनं पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"जलकुंभी त आता मरणारच. शेवटची खेप होती तुही. वाटलं, एवढा माल होऊन जाऊ दे."

ती उठली आणि चौकातल्या हातपंपावर गेली. शेजारची ललिताबाई पाण्याचा गुंड भरत होती. रेवताबाईचे लगद्यानं माखलेले हात पाहून ती थबकली.

"अवो, तू तलावातली जलकुंभी तोडली? दवाईचं ठाऊक नाही तुले?"

"तुले कोणं सांगितलं?"

"कोणं म्हणजे? आसारामभाऊच त घरोघर सांगत फिरले. लेकरायले पाण्यात जाऊ देऊ नका म्हणे."

रेवताबाईनं पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात धारेखाली धरले.

"हापस," ती म्हणाली. "थांबू नको."