खाली ठेवलेली छडी

ज्याला स्वतः एकही स्वर काढायचा नाही, त्याच्या हाती अनेकांचे स्वर सोपवले जावेत, ही मोठी अवघड जबाबदारी आहे. अशा मनुष्याने आपले दौर्बल्य झाकले, तर त्याची झळ त्याच्यावर विसंबलेल्या सर्वांना लागते. उघड केले, तर अधिकार जाण्याचे भय. या दोहोंच्या मध्ये उभा राहिलेला एक सज्जन मी फार जवळून पाहिला. इतक्या जवळून, की त्याची नाडी मला माझ्या मुठीत लागत असे.

मित्रांनो, मी एक जुनी छडी आहे. मारण्याची नव्हे, वाद्यवृंदाला ताल आणि दिशा दाखवणारी. फोग्टलांडच्या डोंगराळ मुलखात घरोघरी व्हायोलिने घडतात. तेथल्या एका कारागिराने मेपलच्या लाकडातून मला तासले, टोकाकडे निमुळते केले आणि बुचाची मूठ बसवली. मग त्याने मला बोटावर आडवे धरले. मी ढळले नाही, तेव्हा तो समाधानाने हसला.

आन्सगार टिल्के यांनी मला घेतले, तेव्हा ते एका लहानशा नाट्यगृहात हलक्याफुलक्या संगीतिका चालवीत. त्यांचे वडील नगराच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजवणारे. मुलाने पुढे हालेनब्रुकच्या वृंदाचा कापेलमाइस्टर, म्हणजे प्रमुख संचालक व्हावे, हे त्यांचे स्वप्न होते. ते पुरे झाले. वृंद पदरी बाळगणारा ड्यूक गेला, त्याचे राज्य गेले, तरी त्या गावाने आपला वृंद मोडू दिला नाही.

तेथल्या वादकांची एक रीत होती. माझे टोक खाली आले, तरी ते लगेच वाजवीत नसत. आधी डबल-बेसचा, म्हणजे उभ्याने वाजवायच्या धिप्पाड तंतुवाद्याचा, खर्ज तळातून उमटे आणि मग बाकीचे त्यावर अलगद उतरत. परक्याला वाटे, ही मंडळी उशीर करतात. टिल्के यांनाही प्रथम तसेच वाटले. पुढे ते थांबायला शिकले. आणखी एक रीत होती. वादकांचे हात वाद्यांत गुंतलेले. म्हणून ते प्रसन्न झाले, की बसल्या जागी बूट जमिनीवर घाशीत. तीच त्यांची टाळी.

टिल्के यांच्या संचालनाला ती अनेकदा मिळाली. त्यांच्या रचनांना मात्र कधीच नाही. ते दर उन्हाळ्यात काही लिहीत, आणि वृंद ते सभ्यपणे वाजवी. डबल-बेसवाला क्नोर एकदा म्हणाला होता, "साहेबांच्या संगीतात मी सगळ्यांना ओळखतो. इथे एक मोठा रचनाकार पाहुणा, तिथे दुसरा. यजमान तेवढा कुठे भेटत नाही."

मग महायुद्ध झाले. वृंदातले काही जण परतले नाहीत. क्नोरचा धाकटा भाऊ, हॉर्न वाजवणारा, त्यांपैकीच. टिल्के यांनी त्यांच्यासाठी एक शोकसंगीत लिहिले आणि त्यावर कित्येक वर्षे झिजले. नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाचा रविवार येतो. त्या दिवशी ते चर्चमध्ये प्रथम वाजायचे ठरले. या वेळी क्नोरने थट्टा केली नाही.

पण त्याआधीच टिल्के यांच्या उजव्या हातात कंप शिरला होता. तो सर्वांआधी मला कळला. तो दिसू नये म्हणून ते मला मोठमोठ्या फेऱ्यांत आणि घाईने फिरवू लागले.

घरी त्यांची पत्नी मेख्टिल्ड कॉफी ओतता ओतता म्हणाली, "आन्सगार, डॉक्टरांकडे कधी जायचं?"

"रविवार होऊ दे."

"तुझा कप बशीवर आत्ताच वाजतोय. रविवारची वाट कप बघणार नाही."

"नगरसभेनं त्या ब्राखमानला बोलावलंय. तरुण संचालक आहे, नाव आहे. पहिल्या रांगेत बसणार तो. माझा हात चुकलेला दिसला, की माझी जागा त्याची. आणि मग ही रचना पुन्हा कोण वाजवेल?"

मेख्टिल्डने कप उचलून त्यांच्या डाव्या हाती दिला.

शेवटच्या तालमीत व्हायचे तेच झाले. रचनेच्या अखेरच्या भागाआधी एक दीर्घ विराम होता. सारा वृंद स्तब्ध, आणि मग सर्वांनी एकदम वाजवू लागायचे. मी खाली आले. अर्ध्या वादकांनी आधी सुरुवात केली, अर्ध्यांनी नंतर. "तुम्ही उशीर करता," टिल्के म्हणाले.

थोड्या वेळाने पहिला व्हायोलिनवादक लेबरेख्त फॉस त्यांच्या खोलीत आला.

"दार लावू का, साहेब?"

"लावा. नगरसभेला काय कळवायचं ठरलं तुमचं?"

"नगरसभेला काही नाही. तुम्हालाच सांगायचंय. आम्ही उशीर करत नाही, तुम्ही घाई करता. हात दिसू नये म्हणून."

माझ्या मुठीवरची बोटे आवळली. "कधीपासून ठाऊक आहे?"

"गेल्या हिवाळ्यापासून. क्नोर म्हणाला, छडीकडे बघू नका, म्हाताऱ्याच्या बरगड्यांकडे बघा, त्या थापा मारत नाहीत."

"म्हाताऱ्याच्या?"

"शब्द जरा वेगळा होता. मी सौम्य केला. आज निम्मे छडीकडे बघत होते, निम्मे तुमच्याकडे. म्हणून फाटलं."

"आणि उद्या हातानं ऐकलंच नाही तर?"

"तर श्वास घ्या, साहेब. आम्हाला ऐकू येईल असा."

रविवारी दुपारी लोक स्मशानातून थेट चर्चमध्ये आले. ओल्या कोटांना पाइनच्या पुष्पचक्रांचा वास येत होता. त्या दिवशी तेथे कोणी टाळी वाजवीत नाही. ब्राखमान पहिल्या बाकावर बसला होता. उंच सज्ज्यात ऑर्गनवादक पाठमोरा. त्याला खालचे जे दिसे, ते एका लहान आरशातून.

संगीत सुरू झाले, वाढले, आणि त्या विरामाशी येऊन थांबले. मी वर उचललेली. हात थरथरू लागला. टिल्के यांनी मला जरा खाली घेतले, तर माझे टोक समोरच्या, स्वरलिपी ठेवायच्या घोडीच्या कडेला लागले आणि टिकटिकू लागले. मित्रांनो, मी आयुष्यभरात काढलेला तेवढाच आवाज, आणि तो त्या निःशब्द जागी. ब्राखमानने मान वर केली.

टिल्के यांनी मला घोडीवर आडवे ठेवून दिले.

छडी खाली ठेवली, म्हणजे संगीत संपले, असा संकेत आहे. आरशात ते पाहून ऑर्गनवादकाचे हात पट्ट्यांवरून मागे सरकले. तेवढ्यात फॉसने आपले व्हायोलिन हनुवटीखाली तसेच रोखून गज उंच, खूप उंच धरला. आरशात तो दिसला असावा. सज्ज्यातले हात पुन्हा पुढे आले.

मग टिल्के यांनी श्वास घेतला. मी पडल्या पडल्या तो ऐकला; पोहणारा पाण्याखाली जाण्याआधी घेतो तसा. क्षणभर काहीच नाही. नंतर तळातून खर्ज उमटला, त्यावर हॉर्न, त्यावर सारी व्हायोलिने, आणि वरून ऑर्गन. कोणीही आधी नाही, कोणीही मागे नाही. त्यांचे दोन्ही हात बाजूला नुसते लोंबत होते.

शेवटचा स्वर दगडी भिंतींत विरला. कोणी हलेना. त्या शांततेला स्तुती म्हणावे की निंदा, हे कोण सांगणार? टिल्के मान खाली घालून उभे होते.

तेव्हा मागून, भावाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीशेजारून, क्नोरचा बूट फरशीवर घासला गेला. एकदाच, हळू. मग, त्या वृंदाच्या रीतीप्रमाणे क्षणभर थांबून, सगळ्यांचे.

नगरसभेने विचारले, तेव्हा ब्राखमान म्हणाला, "या लोकांना संचालक आहे. मला कशाला बोलावलंत?" टिल्के पुढे काही वर्षे छडीवाचून उभे राहिले. डॉक्टरांकडेही गेले, कंप गेला नाही, लपवणे तेवढे गेले. आता ते नाहीत. मी मेख्टिल्डबाईंच्या खिडकीत, जिरेनियमच्या कुंडीत आधार म्हणून खोवलेली आहे. माझी बुचाची मूठ मातीत भिजून भुसभुशीत झाली. क्नोर कॉफीला येतो आणि म्हणतो, "बघा, म्हातारपणी हिला सरळ उभं राहायचं काम मिळालं."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, कोरड्या जागी ठेवीत जा. आणि तुमचा हात कापू लागला, तर ज्यांच्यासोबत काम करता, त्यांच्यापासून तो लपवू नका. बहुधा त्यांना ते आधीच ठाऊक असते.

त्या वृंदातले जे गेले, त्यांना शांती लाभो. जे आहेत, त्यांचे श्वास एकमेकांना ऐकू येत राहोत.